एपी दिली, तरी क्रेडिट का मिळालं नाही? या चुका टाळा

अमेरिकेत हायस्कूलला मुलं असलेल्या मराठी घरांत एक समज घट्ट बसलेला आहे: एपीचा (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) विषय घेतला, शाळेत ए ग्रेड आली, म्हणजे कॉलेजचं क्रेडिट (तो कोर्स केल्याची मान्यता) पदरात पडलं. शाळेची ग्रेड वेगळी आणि मे महिन्यात होणारी, एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा वेगळी. क्रेडिट मिळतं ते त्या परीक्षेच्या 1 ते 5 मधल्या स्कोअरवर. तिची नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शाळेतच करावी लागते.

त्याहून महागात पडतो तो '3 म्हणजे पास' हा हिशोब. क्रेडिट कॉलेज बोर्ड देत नाही, कॉलेज देतं. इलिनॉयमधल्या सरकारी विद्यापीठांना 3 वर क्रेडिट देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातही 3 ला युनिट (क्रेडिट मोजायचं एकक) मिळतात, पण ती इंजिनिअरिंगच्या आवश्यक विषयांत धरायची की नुसती एकूण बेरजेत, हे प्रत्येक कॅम्पस ठरवतो. तिथे कॅल्क्युलस एबी आणि तिच्या पुढची बीसी या दोन्ही परीक्षा दिल्या तरी युनिट दुप्पट होत नाहीत. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीत 5 असेल तर पहिला गणिताचा कोर्स सुटतो, केमिस्ट्रीच्या 5 वर मात्र काहीच मिळत नाही. कॅलटेक तर एपीला क्रेडिटच देत नाही. म्हणून अकरावीचे विषय निवडण्याआधीच मनातल्या तीन-चार कॉलेजांच्या रजिस्ट्रारचं (क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं) पान उघडून विषयवार तक्ता वाचा. ओळखीच्यांच्या मुलाला काय मिळालं होतं, यावर विसंबू नका. हे नियम बदलत असतात.

मिळालेलं क्रेडिट वापरायलाच हवं, असंही नाही. गणिताचा पहिला कोर्स सोडून मूल थेट पुढच्या कॅल्क्युलसला बसलं आणि पाया कच्चा असला, तर पहिल्याच सत्रात ग्रेड घसरते. वाचलेल्या फीपेक्षा ते नुकसान मला मोठं वाटतं. त्या कॉलेजची पहिल्या कोर्सची जुनी प्रश्नपत्रिका मिळवा आणि मुलाला घड्याळ लावून सोडवू द्या. अडखळला, तर क्रेडिट सोडून तो कोर्स करू द्या. डॉक्टर व्हायचं असेल तर जास्तच जपा: बरीच मेडिकल कॉलेजं बायोलॉजी-केमिस्ट्रीसाठी एपी धरत नाहीत, किंवा त्याच विषयाचे वरचे कोर्स मागतात.

कम्युनिटी कॉलेजचे ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच करायचे कॉलेजचे) कोर्स अनेकांना सोपा मार्ग वाटतो. पण ती ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत जाते आणि पुढे मेडिकलच्या अर्जात सरासरीतही मोजली जाते. झेपत नसेल तर कोर्स सोडण्याची तारीख उलटण्याआधी निर्णय घ्या. क्रेडिट हवं असेल तर ट्रान्सक्रिप्ट (ग्रेडची अधिकृत नोंद) त्या कम्युनिटी कॉलेजकडूनच मागवावी लागते, हायस्कूलची चालत नाही.

ऑगस्ट आला तरी कॉलेजच्या खात्यात क्रेडिट दिसत नसेल, तर बहुधा अधिकृत स्कोअर पोचलेलेच नसतात. प्रवेश अर्जात स्वतः लिहिलेले आकडे त्यासाठी पुरत नाहीत. परीक्षेच्या वर्षी एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतात, त्याची मुदत 20 जून. नंतर पैसे पडतात. पाठवूनही दिसत नसतील तर नाव तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, आणि ते एका ठिकाणी लिहिलं, दुसरीकडे गाळलं की नोंदी जुळत नाहीत. वेगवेगळ्या ईमेलवर दोन खाती झाली असतील तर कॉलेज बोर्डाला फोन करून ती एकत्र करून घ्या आणि मगच रजिस्ट्रारला कळवा.