अकराच्या सुमाराची मरगळ आणि न्याहारीतला बदल

मुद्रितशोधनाच्या कामात एकेक अक्षर डोळ्यांखालून घालावे लागते, आणि सकाळी अकराच्या सुमारास माझे लक्ष इतके विस्कटत असे की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही तिच्यातली चुकलेली वेलांटी निसटून जाई. न्याहारीला तेव्हा गोड चहा आणि मैद्याचे टोस्ट असत. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि ती मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून घेतो. मैदा व साखर झटपट पचून हे ग्लुकोज वेगाने चढवतात, मग इन्सुलिनमुळे ते खाली येते, आणि काही जणांना त्या उताराच्या वेळी भूक व सुस्ती जाणवते.

म्हणून मी भाजणीचे थालीपीठ आणि दही, किंवा मोड आलेल्या मटकीची उसळ, अशी न्याहारी सुरू केली. भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभरा डाळ आणि उडीद असल्यामुळे तंतू व प्रथिने दोन्ही मिळतात आणि पचन संथ होते. शिवाय भाजलेल्या धण्यांचा तो वास मला फार प्रिय आहे. पोहे सोडले नाहीत, मात्र त्यांत शेंगदाणे आणि मटार भरपूर घालते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने खिचडी सुट्टीच्या दिवसासाठी राखली आहे.

चहा आता कमी साखरेचा आणि न्याहारीनंतर तासाभराने घेते, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. अकरानंतरची पाने आता एका वाचनात नीट तपासून होतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र असा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.