पेनड्राइव्हमधला शॉर्टकट उघडायच्या आधी आत काय आहे ते बघा

खजुरी बाजारात झेरॉक्स काढून आणलं की पेनड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी बाणवाले शॉर्टकट दिसतात, इंदूरमध्ये आपल्याकडे बऱ्याच घरी हे होतं. हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं, डबलक्लिक अजिबात करू नका. प्रॉपर्टीजमधलं टार्गेट (शॉर्टकट काय उघडतो ते) बघणंही पुरेसं नाही, अपडेट न केलेल्या विंडोजमध्ये तिथे साधारण २६० अक्षरंच दिसतात आणि खरी कमांड भरपूर स्पेस टाकून मागे लपवता येते.

१. एक्झिफटूल (exiftool, फाइलच्या आतली माहिती दाखवणारं टूल) घ्या, फुकट आहे, विंडोज लिनक्स दोन्हीवर चालतं.
२. कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनड्राइव्हवर जा, एक्झिफटूल लिहून स्पेस द्या, नावाची पहिली दोनतीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, म्हणजे शॉर्टकट फाइलचं शेपूट डॉट एलएनके (.lnk) आपोआप लागतं, मग एंटर मारा (एक्सप्लोररमध्ये ते दिसतच नाही).
३. 'लोकल बेस पाथ' (कोणता प्रोग्राम उघडणार) आणि 'कमांड लाइन आर्ग्युमेंट्स' (त्याला काय करायला सांगितलंय) या ओळी नीट वाचा. फोटोंच्या फोल्डरचा शॉर्टकट आणि पाथमध्ये पॉवरशेल, सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (विंडोजचे कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्राम) निघालं तर तो नक्की गडबडीचा.

हे टूल शॉर्टकटची फाइल फक्त वाचतं, चालवत नाही, म्हणून बिनधास्त बघा.

आणि घाबरून पेनड्राइव्ह लगेच फॉरमॅट मारू नका हं, खरे फोल्डर बहुतेक वेळा तिथेच हिडन असतात, आधी ते दुसरीकडे काढून घ्या.