पेन्सिलच्या आधी: विशेष मुलांना पकड कशी शिकवावी

पेन्सिल धरता येत नाही म्हणून मुलाच्या हातात पुन्हा पुन्हा पेन्सिलच देऊ नका. पकडीला खांद्याचा आणि मनगटाचा आधार लागतो, बोटांचं काम त्यानंतरचं.

१. बैठक. पाय टेकलेले हवेत. पोचत नसतील तर खाली पाट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीला. तोल सावरण्यातच ताकद संपली तर हाताला काय उरणार?

२. आजची पकड पाहा. काही न सांगता समोर ठोकळा ठेवा. मूल तो मुठीत घेतं, बोटांनी खरवडून ओढतं, की अंगठा-तर्जनीच्या चिमटीत उचलतं? बाळांना चिमूट साधारण ९ ते १२ महिन्यांत जमते. तुमचा विद्यार्थी आठ वर्षांचा असला आणि अजून मुठीनेच धरत असला, तरी सुरुवात मुठीपासूनच करायची.

३. मूठ आवळलेली असेल तर बोटं ओढून उघडू नका, स्नायू आणखी आवळतात. मनगट हलकेच तळहाताच्या बाजूला वाकवा, बोटं सैल पडू लागतात. मग अंगठा टोकाशी न धरता बुडाशी धरून सावकाश बाहेर घ्या. दुखत असेल किंवा सांधा वळतच नसेल तर थांबा आणि आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टला (हातांच्या आणि रोजच्या कामांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

४. सोडायलाही शिकवा. हे हमखास राहून जातं. वस्तू धरण्यापेक्षा हवी तिथे सोडणं कितीतरी कठीण. रुंद तोंडाचा पत्र्याचा डबा घ्या आणि मुलाचं मनगट त्याच्या काठावर टेकू द्या. ठोकळा पडला की ठण्ण आवाज होतो आणि मूल स्वतःहून दुसरा उचलतं. जमू लागलं की डब्याचं तोंड लहान करत जा, शेवटी झाकणाला फट पाडून त्यातून चकत्या टाकायला द्या. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला मणी, बटणं अशा बारीक गोष्टी देऊ नका.

५. चिमटीत जोर आणा. कपड्यांचे चिमटे, कागद फाडणं, स्टिकर सोलणं, क्लेच्या गोळ्या वळणं. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. मूल थकलं की बंद करा.

६. आता रंगखडू. अख्खा नको, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीने नीट धरताच येत नाही, त्यामुळे बोटांची टोकं आपोआप कामाला लागतात. कागद भिंतीवर चिकटवला तर मनगटही मागे वळून स्थिर राहतं.

मदत करताना मुलाचा हात आपल्या पंजात झाकून टाकू नका, नाहीतर काम तुमचा हात करतो आणि मूल नुसतं बघत बसतं. मनगटाला किंवा कोपराला आधार पुरेसा असतो. मोठी कृती शेवटाकडून शिकवा. मणी ओवताना दोरा छिद्रातून तुम्ही घाला, पलीकडून ओढायचं काम मुलाचं. ते सवयीचं झालं की दोऱ्याचं टोकही त्याच्याच हाती द्या.