घरच्या जुन्या डीव्हीडीतला आवाज लिनक्सवर कसा काढून घ्यायचा

घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या, गावच्या कीर्तनाच्या डीव्हीडी पडून आहेत, आणि त्यातलं चित्र कसंही असलं तरी आवाज मात्र जपायलाच हवा, आजीच्या ओव्या, बुवांचं निरूपण, काकांनी म्हटलेली मंगलाष्टकं. घरी राईट केलेल्या डिस्क वर्षांनी वाचेनाशा होतात म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका.

हे सगळं घरच्या डिस्कबद्दल आहे, विकतच्या सिनेमांवर बहुतेक वेळा कुलूप असतं, तो वेगळा विषय.

आधी सॉफ्टवेअर सेंटरमधून एमकेव्ही टूलनिक्स (ट्रॅक वेगळे करायला), ऑडॅसिटी (आवाजाचे तुकडे करायला) आणि एफएफएमपेग (ऑडॅसिटीला अशा फाईली उघडता याव्यात म्हणून) टाकून घ्या, तिन्ही फुकट आहेत. डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग ड्राइव्हमध्ये घालून 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर अख्खं हार्ड डिस्कवर कॉपी करा. जागा साडेचार जीबीच्या आसपास लागते, डबल लेयर असेल तर साडेआठ. मध्येच एरर येऊन कॉपी अडली तर सारखं रिट्राय करत बसू नका, डीडी रेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर वापरा, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं.

फोल्डरमध्ये व्हीओबी फाईली दिसतील, चित्र आणि आवाज त्यांच्यातच असतो, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची. नावाच्या शेवटी शून्य असलेली असते मेनूची, ती सोडा. शेवटी १ असलेली तेवढी एमकेव्ही टूलनिक्समध्ये ओढून टाका, पुढच्या २, ३, ४ टूलनिक्स स्वतःच जोडून घेतं, त्या वेगळ्या टाकायच्या नाहीत. आता खाली ट्रॅकची यादी येते, त्यात व्हिडिओसमोरची टिक काढा, सबटायटल असतील तर त्यांचीही, फक्त ऑडिओ ठेवा आणि 'स्टार्ट मल्टिप्लेक्सिंग' दाबा. एमकेए, म्हणजे फक्त आवाजाची फाईल तयार होते.

इथे थेट एमपीथ्री करायची घाई नको, कारण या पद्धतीत आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, डिस्कवर होता तसाच्या तसा बाहेर येतो. डॉल्बीचा १९२ केबीपीएसचा ट्रॅक असेल तर तासाला ८६ एमबीच होतात, म्हणजे ही मूळ फाईल जपून ठेवायला काहीच अडचण नाही.

तुकडे करायचे तर एमकेए ऑडॅसिटीत उघडा. उघडत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये लायब्ररीज बघा, एफएफएमपेग सापडलेलं नसतं. प्रोजेक्ट रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते) ४८००० ठेवा, डीव्हीडीचा आवाज सहसा तेवढ्याच रेटचा असतो, सीडीचा ४४१०० असतो म्हणून लोक उगाच बदलतात. जिथे ओवी सुरू होते तिथे कर्सर ठेवून कंट्रोल आणि बी दाबा, लेबलमध्ये कोण म्हणतंय ते लिहा, आणि सगळी लेबलं झाली की 'एक्स्पोर्ट ऑडिओ'मध्ये 'मल्टिपल फाईल्स' निवडा (जुन्या आवृत्तीत 'एक्स्पोर्ट मल्टिपल'), प्रत्येक ओवीची वेगळी फाईल त्याच नावाने पडते. घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला एमपीथ्री ठीक आहे, स्वतःसाठी फ्लॅक करा, त्यात आवाजाची प्रत घटत नाही. नावं मात्र घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच लिहा, आवाज ओळखणारं माणूस आहे तोवर.