२५४ पौंडांचं विमान गॅरेजमध्ये बांधायचं तर

लाकूड, इंजिन, नकाशे नंतर. आधी एक वजनकाटा घ्या. स्वयंपाकघरातला, ग्रॅम दाखवणारा, वीस डॉलरच्या आतला. मी साताऱ्याच्या सोनाराचा मुलगा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हे कोष्टक वडिलांनी चिमटे काढून पाठ करून घेतलं होतं. आयुष्यात त्याचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पन्नाशीत, इंडियानातल्या गॅरेजमध्ये, एकट्यापुरतं विमान बांधायला घेतलं तेव्हा झाला.

कारण सगळं गाडं वजनावर अडतं. अमेरिकेत १९८२ पासून ‘पार्ट १०३’ नावाचा नियम आहे. रिकाम्या विमानाचं वजन २५४ पौंडांहून कमी, म्हणजे ११५ किलोच्या आसपास. पेट्रोलची टाकी ५ गॅलनची, जेमतेम १९ लिटर. सरळ उडताना जास्तीत जास्त वेग ५५ नॉट, म्हणजे ताशी १०२ किलोमीटर. आणि इंजिन बंद असताना वेग ताशी ४४ किलोमीटरपर्यंत उतरला तरी विमान पंखांवर तरायला हवं. बसणार एकच माणूस. उडायचं हौसेपुरतं, दिवसाउजेडी, दाट वस्तीवरून नाही आणि टॉवरवाल्या विमानतळाच्या हद्दीत विचारल्याशिवाय नाही. एवढं पाळलंत तर लायसन नको, डॉक्टरचा दाखला नको, शेपटीवर नंबर नको. वजन त्यापुढे गेलं की तेच यंत्र कायद्याने विमान होतं. मग नोंदणी, तपासणी आणि निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केल्याचा पुरावा, हे सगळं मागे लागतं.

ही सवलत अमेरिकेतली आहे हे लक्षात ठेवा. मला साताऱ्याहून फोन येतात, ‘काका, आमच्या माळावर बांधू का?’ भारतात मायक्रोलाइटलाही, म्हणजे अशा हलक्या विमानालाही, डीजीसीए या सरकारी विमान खात्याची नोंदणी लागते. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ मध्ये बीकेसीत ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणीचा कागद हाती यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. बांधणं सोपं, कागद अवघड.

आता कुठलं विमान? इथे थोडा इतिहास माहीत असला की पैसे वाचतात. १९७५ च्या मार्चमध्ये जॉन मूडी नावाच्या माणसाने विस्कॉन्सिनमध्ये आपल्या हँग ग्लायडरला, म्हणजे माणूस लटकून उडतो त्या बिनइंजिनाच्या पंखाला, छोटं इंजिन बांधलं आणि स्वतःच्या पायांनी धावत उडाला. पुढच्या वर्षी ऑश्कॉशच्या विमानमेळ्यात त्याने ते करून दाखवलं आणि जो तो नळ्या वाकवायला लागला. कॅलिफोर्नियात क्विकसिल्व्हर, ओहायोत चक स्लुसार्चिकचं हॉक, पेनसिल्व्हेनियात होमर कोल्बची विमानं, कॅनडात डेल क्रेमरचं लॅझेअर. या लॅझेअरला सुरुवातीला लाकूड कापायच्या चेनसॉची दोन इंजिनं होती! वीडहॉपर काढणारा जॉन चोटिया १९८१ मध्ये नवं विमान तपासताना गेला. यातल्या बऱ्याच कंपन्यांचे मालक बदलले, काही बुडाल्या. म्हणून ब्रोशरमधला फोटो बघू नका. तीन प्रश्न विचारा: नकाशे आज कोणाकडे आहेत, सुटा भाग मागितला तर मिळतो का, आणि त्याच बनावटीचं विमान आज उडवणारा माणूस तुमच्यापासून गाडीने किती तासांवर राहतो? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्या माणसाकडे जा, कॉकपिटमध्ये बसून बघा. गुडघे कुठे लागतात ते नकाशात कळत नाही.

नळ्या आणि बोल्ट जमत असतील तर क्विकसिल्व्हरसारखं घ्या, काम लवकर उरकतं. वेल्डिंग येत असेल तर टेक्सासच्या लेनर्ड मिलहॉलंडचं लीगल ईगल बघा. त्यात फोक्सवॅगनचं इंजिन अर्धं कापून दोन सिलिंडरचं करून बसवतात. मला यातलं काहीच येत नव्हतं, पण रंधा मारता येत होता. म्हणून मी लाकडी मिनी-मॅक्स घेतलं. टेनेसीच्या वेन आयसनची ही रचना, पंखांचा विस्तार २५ फूट. पुढे काही वर्षं त्याचे किट आमच्याच इंडियानात, नॅपनीला बनत होते. १०३ च्या हिशेबात बसणारा त्याचा हलका प्रकार आहे, तोच घ्या. ‘थोडं मोठं इंजिन टाकू’ म्हणणारे मित्र भेटतील. त्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा.

लाकूड म्हणजे सिटका स्प्रूस. आलेली प्रत्येक पट्टी खिडकीशी धरून रेषा बघा. पंधरा इंचांत रेषा एक इंचाहून जास्त तिरकी सरकत असेल तर ती पट्टी विमानात नको, देवघराच्या फळीला वापरा. गाठ दिसली तरी तेच.

सुरुवात बरगड्यांपासून, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आतल्या चौकटींपासून करा. पंखाच्या बरगड्या सगळ्या जवळपास सारख्या, त्यामुळे पहिल्या दोन बिघडल्या तरी फेकून देता येतात. एका सपाट फळीवर बरगडीचा नकाशा चिकटवा, त्यावर मेणकागद, आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे छोटे ठोकळे ठोका. हा झाला साचा. वरची पट्टी वाकवून ठोकळ्यांत अडकवा, मग खालची, मग मधल्या तिरक्या काड्या. काडी सांध्यात घट्ट बसली पाहिजे, पण दाबून कोंबायची नाही, आपसूक सरकली पाहिजे. मग प्रत्येक सांध्यावर पातळ प्लायवूडचा त्रिकोण. गोंद टी-८८ नावाचा इपॉक्सी, दोन बाटल्यांतून आकारमानाने समसमान भाग घेऊन कालवायचा. इथे मापाचा पेला लागतो, डोळ्यांनी समसमान होत नाही, आणि काट्यावर समसमान घेतलं तर प्रमाण चुकतं. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा. क्लॅम्प आवळून सगळा गोंद बाहेर काढू नका, या गोंदाला सांध्यात राहू द्यावं लागतं. बाहेर आलेला थेंब तिथेच पुसा. वाळलेला गोंद म्हणजे फुकटचं वजन, आणि तासताना लाकूडही जातं.

गोंद कालवाल तितक्या वेळा दोन टाकाऊ तुकडे एकमेकांना चिकटवून वर तारीख टाका. दुसऱ्या दिवशी ते व्हाइसमध्ये धरून हातोडीने तोडा. लाकूड फाटलं तर गोंद चांगला. सांधा स्वच्छ सुटला तर त्या दिवशीचं सगळं काम कचऱ्यात. माझं एकदाच गेलं, जानेवारीत, गॅरेजमधला हीटर रात्री बंद पडला तेव्हा. चार बरगड्या. बायकोने त्या स्वयंपाकघरात टांगल्या, अजून आहेत.

प्रत्येक बरगडी साच्यातून निघाली की काट्यावर ठेवा आणि वहीत मांडा. मी लाल कापडी बांधणीची खतावणीच वापरली: डावीकडे नकाशाप्रमाणे अपेक्षित वजन, उजवीकडे आलेलं.

बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातले चालत नाहीत. विमानाचे ‘एएन’ बोल्ट मागवा. लांबी अशी निवडा की आटे लाकडाच्या किंवा पत्र्याच्या आत बसणार नाहीत, आणि नट आवळल्यावर किमान एक आटा बाहेर दिसेल. प्रत्येक नट आवळून झाला की नट आणि बोल्टवरून एक रंगाची रेघ ओढा. त्यासाठी खास रंग मिळतो, मी नेलपॉलिश वापरलं. नट फिरला की रेघ तुटते.

कापड चढवण्याआधी थांबा. ईएए नावाची हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ पासून आहे, गावोगावी तिच्या शाखा आहेत, आणि तिचे अनुभवी स्वयंसेवक गॅरेजमध्ये येऊन काम बघून जातात. आमच्याकडे आलेल्या आजोबांनी टॉर्च आणि दंतवैद्याचा आरसा घेऊन दोन तास एक शब्द न बोलता बघितलं आणि सुकाणूच्या तारेवर बोट ठेवलं. तार कप्पीच्या कडेला घासत होती. कापडाआड गेली असती तर मला कळलंही नसतं.

कापड पॉलिएस्टरचं. चौकटीला चिकटवायचं आणि इस्त्रीने ताणायचं. आमच्याकडे इस्त्री म्हणजे माझं खातं, त्यामुळे मी जरा शेफारलो होतो. साधारण २२५ अंश फॅरनहाइटला सुरुवात करायची, टप्प्याटप्प्याने वाढवायचं, आणि ३५० च्या वर कधीच जायचं नाही. नाजूक चौकटीला तितकंही नको. मी इस्त्रीच्या चकतीवरचा आकडा खरा मानला. सुकाणू डोळ्यांदेखत पापडासारखं वाकलं. कापड फाडलं, मागची काठी बदलली, आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं: साखरेच्या पाकाचा थर्मामीटर आणून इस्त्रीच्या तळाला लावला. चकती आणि खरं तापमान यांत ४० अंशांचा फरक निघाला. तुम्ही हे पहिल्या दिवशीच करा आणि खऱ्या तापमानाच्या खुणा चकतीवर पेनाने करून ठेवा.

रंगात माणूस घसरतो. कापडाला उन्हापासून वाचवणारा चंदेरी थर हवाच, त्यावर रंगाचा एखादा हात पुरे. मला चकाकी हवी होती, मी दोन हात जास्त दिले. शेवटी तीन काट्यांवर, दोन पुढच्या चाकांखाली आणि एक शेपटीखाली, विमान उडतं तसं समपातळीत उभं केलं तेव्हा बेरीज आली २६३. नऊ पौंड जास्त. रंग खरवडून काढता येत नाही. मग बॅटरी आणि बटणाचा स्टार्टर काढला, दोरी ओढून सुरू करायचा बसवला. जाड गादी गेली. २५१ ला आलो. बॅलिस्टिक पॅराशूट, म्हणजे संकटात अख्खं विमान खाली उतरवणारी छत्री, लावलंत तर २४ पौंडांची वेगळी सूट मिळते, पण ती पॅराशूटसाठीच असते, रंगासाठी नाही. वजनाचा कागद जपून ठेवा, अधिकाऱ्याने विचारलं तर पुरावा तुम्हीच द्यायचा असतो. याच तीन काट्यांवर गुरुत्वमध्यही काढायचा, तुम्ही स्वतः आत बसून पुन्हा वजन करून. नकाशाने दिलेल्या हद्दीत तो बसला नाही तर पुढचं काही वाचू नका, आधी ते दुरुस्त करा.

इंजिन टू-स्ट्रोक, २८ हॉर्सपॉवरच्या आसपासचं. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, साधारण पन्नासास एक, आणि मोजून. आपल्याकडे लूनाला पंपावर डोळ्यांनी ओतायचे तसं नाही. थंड इंजिन एकदम पूर्ण फिरवलं तर पिस्टन जाम होतो, म्हणून जमिनीवर गरम होऊ द्या. आणि हे इंजिन कधीही बंद पडेल असं धरूनच उडा. विमान हलकं असल्याने इंजिन थांबताच वेगही लगेच संपतो. नाक आधी खाली, विचार नंतर.

लायसन लागत नाही म्हणून शिकणं टाळू नका. यात शिक्षक शेजारी बसू शकत नाही. मिनी-मॅक्सचं छोटं चाक शेपटीखाली असतं, त्यामुळे जमिनीवर ते गिरकी घेऊ बघतं. एरॉन्का चॅम्पसारख्या दोन जागांच्या शेपूटचाकी विमानात शिक्षकाबरोबर शिका, शिक्षक ‘आता मला उतरू दे’ म्हणेपर्यंत. मग आपल्या विमानात नुसतं पळवणं. ‘जरासं उचलून परत टेकवू’ हा मोह आवरा. धावपट्टी संपत आलेली असते आणि हात अजून बसलेला नसतो.

पहिल्या दिवशी सकाळी, वारा नसताना, विमानतळाभोवती एक फेरी, मग उतरायचं आणि कव्हर उघडून प्रत्येक रेघ बघायची. माझ्या पहिल्या फेरीनंतर इंजिनाच्या बैठकीवरच्या एका नटाची गुलाबी रेघ तुटलेली होती. दुसरी फेरी पुढच्या शनिवारी झाली.