ख्रिसमस कॅक्टसची कलमं कुजत होती, त्यावर सापडलेला उपाय

पुण्यात भर पावसाळ्यात लावलेली ख्रिसमस कॅक्टसची कलमं बुडापासून पिवळी पडून लिबलिबीत व्हायची. उपाय सापडला तो या झाडाचं मूळ घर लक्षात घेतल्यावर. हे वाळवंटातलं निवडुंग नव्हेच. आग्नेय ब्राझीलच्या डोंगरी जंगलात ते झाडांच्या फांद्यांवर, खडकांच्या कपारीत वाढतं. मुळांना ओलावा हवा, पण हवाही तितकीच हवी.

म्हणून कुंडीतली काळी माती पूर्ण काढली. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेतली. फुलं संपल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटी, दोन-तीन पेरांचे तुकडे सांध्यापाशी पिळून वेगळे केले. कात्री लागतच नाही. मग ते दोन-तीन दिवस सावलीत तसेच ठेवले. जखम पूर्ण सुकली पाहिजे, ही पायरी कृपा करून गाळू नका. कुजणं थांबतं ते इथेच. खालचं पेर अर्धंच खोचायचं, वरचा थर सुकला की थोडं पाणी, पूर्वेच्या खिडकीतला उजेड.

महिनाभराने हलकेच ओढून पाहिलं, तर कलमांनी घट्ट धरलं होतं. टोकांना लालसर कोवळी पेरंही! आता एका कुंडीत तीन-चार एकत्र लावते, झाड भरगच्च दिसतं. कळ्यांसाठी मात्र ऑक्टोबरपासून रात्री दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडू देऊ नका.