तोकुगावा जपानवर लिहिताना या चुका टाळा

"दोनशे वर्षं जपानने जगाला दारं लावून घेतली होती, १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाचा कमोडोर पेरी आला आणि त्याने ती उघडली." उत्तरपत्रिकांत, नोट्समध्ये, लेखांमध्ये हे वाक्य जसंच्या तसं उतरत राहतं. वाचायला सुटसुटीत आहे, पण जपान समजून घेण्याची वाट ते पहिल्याच ओळीत अडवतं.

तोकुगावा म्हणजे त्या काळी जपानचा कारभार चालवणारं शोगुनांचं, म्हणजे लष्करी प्रमुखांचं, घराणं. सुरुवात 'साकोकु' या शब्दापासून करू. साकोकु म्हणजे कुलूपबंद देश. "१६३९ मध्ये साकोकु धोरण जाहीर झालं" असं लिहू नका. १६३३ ते १६३९ दरम्यानच्या हुकुमांमध्ये हा शब्दच नाही. नागासाकीत दुभाषा म्हणून काम केलेल्या शिझुकी तादाओने १८०१ मध्ये एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याच्या निबंधाचं भाषांतर करताना तो घडवला. हुकूम होते ते असे: जपानी माणसाने परदेशी जायचं नाही, गेलेल्याने परतायचं नाही, आणि शिमाबाराच्या बंडानंतर (बहुतांश ख्रिस्ती शेतकऱ्यांचा उठाव, १६३७-३८) पोर्तुगीजांना कायमची बंदी. कारण देताना फक्त ख्रिस्ती धर्माचं नाव घेऊन थांबू नका. दक्षिणेच्या क्यूशू बेटावरचे दाइम्यो, म्हणजे आपापल्या मुलखाचे सरदार, परस्पर व्यापार करून गबर होतील आणि बंदुका जमवतील, ही धास्तीही शोगुनला तेवढीच होती.

दारं तर चार उघडी होती. नागासाकीत डच आणि चिनी, त्सुशिमामार्गे कोरिया, सात्सुमामार्गे र्‍युक्यु बेटं, आणि उत्तरेला मात्सुमाएमार्गे तिथले मूळ रहिवासी आइनू लोक. कोरियाची बारा राजदूत मंडळं १६०७ ते १८११ या काळात जपानला आली. 'फक्त डचांशी व्यापार' हे वाक्य म्हणूनच खोडून टाका. नागासाकीतला चिनी व्यापार डचांपेक्षा मोठा होता.

देजिमा जरा जवळून बघा. नागासाकीच्या बंदरात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट, सुमारे १२० मीटर लांब आणि ७५ मीटर रुंद. शहराशी जोडणारा एकच पूल, त्यावर पहारा. आत जेमतेम पंधरा-वीस डच. उन्हाळ्यात जहाज लागलं की जपानी दुभाषे आधी बातम्या विचारत: युरोपात कुठे युद्ध, कोण राजा गेला, कोण आला. ते सारं जपानीत लिहून एदोला (आजचं टोकियो, शोगुनची राजधानी) रवाना होई. पेरीचं आरमार येणार ही खबरही १८५२ मध्ये डचांकडूनच पोचली होती. १७२० मध्ये शोगुन योशिमुनेने ख्रिस्ती धर्माशी संबंध नसलेल्या पाश्चात्त्य विद्येच्या पुस्तकांवरची बंदी सैल केली. १७७४ मध्ये सुगिता गेनपाकु आणि त्याच्या सोबत्यांनी डच शरीररचनाशास्त्राचा ग्रंथ जपानीत आणला. अशा देशाला झोपलेला म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

परराष्ट्र संबंधांची कथा पेरीपासून सुरू करणं ही आणखी एक चूक, आणि आपल्याकडून ती व्हायलाच नको. १५४९ मध्ये कागोशिमाला उतरलेला फ्रान्सिस झेवियर आशियात आला तो गोव्यामार्गे. त्याच्यासोबतचा जपानी अंजिरो गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात शिकून, तिथेच बाप्तिस्मा घेऊन परतला होता.

आता आपलाच एक शब्द: सरंजामशाही. तो वापरायला हरकत नाही, पण त्याबरोबर पेशवाईतला सरंजाम डोळ्यांपुढे येतो आणि घोटाळा होतो. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. दाइम्योचं तसं नव्हतं. किमान दहा हजार कोकु (धान्याचं माप) तांदळाच्या उत्पन्नाचा मुलूख, स्वतःचे कायदे, स्वतःचे सामुराई, कित्येकांच्या स्वतःच्या कागदी नोटाही. शोगुनला ते नियमित शेतसारा देत नसत. मग शोगुन त्यांना आवरत कसा होता? १६३५ पासून पक्क्या झालेल्या सांकिन-कोताई पद्धतीने. सर्वसाधारणपणे एक वर्ष एदोत, एक वर्ष मुलखात, आणि बायको-मुलं कायम एदोत. मिरवणुकीच्या आणि दोन-दोन घरांच्या खर्चाने तिजोरी रिकामी राही. शोगुनला 'राजा' मात्र लिहू नका. सम्राट क्योतोत होता, पद त्याच्याकडून मिळे.

सामुराई म्हटलं की तलवार आठवते. १६१५ मध्ये तोकुगावांनी ओसाकाचा किल्ला पाडल्यावर, शिमाबारा वगळता, दोन शतकांहून अधिक काळ मोठं युद्धच झालं नाही. बहुतेक सामुराई किल्ल्याच्या गावात हिशेब आणि दप्तर सांभाळत होते. पगार तांदळात, खर्च रोकड्यात. तांदूळ विकायचा ओसाकात, जिथल्या दोजिमा बाजारात १७३० पासून वायद्याचे सौदे सरकारी मान्यतेने चालत. त्यामुळे 'सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी' ही उतरंड तक्त्यात काढलीत, तर तळाच्या व्यापाऱ्याकडून वरचा सामुराई कर्ज काढत होता, हेही लिहा.

शेवटी तह. अमेरिकेशी झालेले १८५४ चा कानागावाचा तह आणि १८५८ चा हॅरिस करार एकाच वाक्यात कोंबू नका. पहिल्याने शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं जहाजांना कोळसा-पाण्यासाठी मिळाली. खुला व्यापार, परदेशी माणसाचा न्याय त्याच्याच वकिलातीकडे, आणि कराराने बांधलेली जकात, हे सगळं दुसऱ्यात आलं. आपल्या बंदरातली जकात ठरवण्याचा पूर्ण हक्क जपानला परत मिळायला १९११ साल उजाडलं.